पिवळ्या पायांचा ट्रायपॉड

अनिताबाईंनी मागितलं ते इतकं साधं होतं की पंढरी गुरुजींना पळवाटच सापडली नाही. पैठणी मागितली असती, तर गुरुजींना नेहमीप्रमाणे ऐकूच आलं नसतं. पण व्हिएतनामचं बुकिंग झालं त्या संध्याकाळी तव्यावरची भाकरी उलटता उलटता त्या म्हणाल्या, "अहो, तिकडे आपल्या दोघांचा एक फोटो काढा. फक्त दोघांचा. मध्ये कुणी नको, कडेला कुणी नको."

गुरुजी हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि दोघांचा फोटो नसेल असं कसं होईल? त्यांनी कपाटातले अल्बम काढले. लग्नाच्या फोटोत दोघांच्या मध्ये मामा होते, आणि मामा सडपातळ नव्हते. लेकीच्या, भूमिकाच्या बारशाला अनिताबाई होत्या तर गुरुजी गूळ आणायला गेले होते. मोबाईलमध्ये गुरुजींनी स्वतः हात लांब करून काढलेले पुष्कळ होते. त्यांत गुरुजींचं नाक ठसठशीत आलं होतं आणि मागे अनिताबाईंचा एक कान. बाकी सगळीकडे गर्दी. मुरबाड तालुक्यात कुणी कॅमेरा वर केला की आसपासच्या माणसांना ते आमंत्रणच वाटतं. ओळख असो नसो, माणूस येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि छाती पुढे काढतो. अल्बम मिटताना गुरुजींना खरंच वाईट वाटलं. बायकोने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी तशा बोटावर मोजण्याएवढ्या, आणि ही त्यांतली सगळ्यात फुकटची.

व्हिएतनाम ही लेकीची, भूमिकाची निवड. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, त्यांत पाणी, पाण्यात आभाळ, असं तिने फोनवर वर्णन केलं होतं. गुरुजी राहायला मुरबाडला, पण त्यांचं मूळ गाव वैशाखरे. तिथे घराच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की भाताच्या खाचरात पडतं. त्यामुळे गावी ही बातमी सांगितल्यावर गुरुजींच्या आत्या, सकुबाई, हातातलं सूप खाली ठेवून पुढे सरकल्या.

"भात बघाय इमानात बसून जायाचं?" त्या म्हणाल्या. "आनी आपला काय वाईट हाय?"

गुरुजींनी विषय चहाकडे वळवला.

तर कॅमेरा. मोबाईलने इतकी वर्षं दगा दिला, तेव्हा दोष मोबाईलचा, हे गुरुजींनी ठरवून टाकलं. शेजारचे धर्मानाना, एसटीतून निवृत्त झालेले आणि एकदा दुबई पाहून आलेले, त्यांनीही दुजोरा दिला. "परदेशात मोबाईल घेऊन फिरलात तर तिथले लोक ओळखतात," ते म्हणाले. काय ओळखतात ते त्यांनी सांगितलं नाही, पण इतक्या गंभीरपणे मान हलवली की गुरुजी दुसऱ्याच दिवशी कल्याणला दुकानात हजर झाले.

दुकानदार तरुण होता आणि सभ्य होता. त्याने विचारलं, "सब्जेक्ट काय आहे सर?"

"गणित," गुरुजी म्हणाले.

"नाही, फोटो कशाचे काढणार?"

"बायकोचा."

"मग पोर्ट्रेट लेन्स घ्या. मागचं सगळं मस्त धूसर होतं."

"मागे भात आहे. भात धूसर होऊन कसं चालेल? तो बघायला तर चाललोय."

"मग वाइड घ्या. सगळा डोंगर येईल. फक्त मॅडम जरा लहान दिसतील."

"किती लहान?"

दुकानदाराने प्रामाणिकपणे विचार केला. "भाताएवढ्या."

यानंतर जे झालं त्याला गुरुजी आजही खरेदी म्हणत नाहीत. दुकानदार भोकाबद्दल बोलू लागला. लेन्सला एक भोक असतं, त्याला नंबर असतात, आणि नंबर जितका छोटा तितकं भोक मोठं. ज्या माणसाचं आयुष्य मुलांना लहानमोठं शिकवण्यात गेलं, त्याने हे शांतपणे ऐकून घ्यायचं म्हणजे कसोटीच होती. गुरुजींनी ते पुन्हा समजावून घेतलं, मग दुकानदाराला उलटं समजावून पाहिलं, शेवटी दोघेही दमले. मधेच आरसा असलेला आणि आरसा नसलेला असे दोन कॅमेरे समोर आले. आरसा नसलेला महाग निघाला. एखादी वस्तू काढून घेतल्यावर किंमत वाढते कशी, हे विचारायचं त्राण आता गुरुजींत उरलं नव्हतं. त्यांनी मधल्या लेन्सचा मधला कॅमेरा उचलला, "हाच," म्हणाले आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

घरी आल्यावर लक्षात आलं की कॅमेरा धरायला कुणीतरी हवं. म्हणजे तिसरा माणूस आलाच. तो कॅमेऱ्यापलीकडे असला म्हणून काय झालं, अनिताबाईंच्या मते तो 'कडेला कुणी' यातच मोडत होता. तेव्हा ट्रायपॉड. कॅमेरा त्यावर बसवायचा, घड्याळ लावायचं आणि त्याची टिकटिक चालू असताना धावत जाऊन बायकोशेजारी उभं राहायचं. यात धावणं आहे हे गुरुजींनी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

ट्रायपॉड मिळाला तो विपुलकडून. विपुल लग्नांचे फोटो काढतो, त्यामुळे मुरबाडमध्ये त्याच्या शब्दाला वजन आहे. ते वजन त्याच्या ट्रायपॉडलाही होतं. "हलका घेऊ नका गुरुजी," तो म्हणाला. "डोंगरावर वारा असतो. कॅमेरा उडाला तर थेट चीनमध्ये. हा माझा जुना घेऊन जा. मांडवात धक्काबुक्कीत उभा राहिलेला गडी आहे." ट्रायपॉड गुरुजींच्या कमरेच्या वरपर्यंत येत होता आणि त्याचे तिन्ही पाय भडक पिवळ्या ऑइलपेंटने रंगवले होते. लग्नाच्या गडबडीत सामानाची अदलाबदल होते, म्हणून विपुलने ही खूण केलेली. अनिताबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ह्याचं तिकीट काढलंय का?"

एप्रिल संपत आला होता. परदेशात जाऊन फजिती नको, आधी सराव करावा, असं गुरुजींनी ठरवलं. सरावाला भातखाचर हवं, आणि ते तर वैशाखऱ्यात घरचंच होतं. रविवारी दोघं गेले. शेतं भाताची खोडं घेऊन उन्हात पडली होती, लोक रोपांसाठी राब भाजून, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा जाळून, घरी परतले होते. अनिताबाई नवी कोरी साडी नेसून आणि ऊन लागू नये म्हणून काळी छत्री घेऊन खाचराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. छत्रीची सावली तोंडावर पडते म्हणून गुरुजींनी ती मिटायला लावली. त्यांनी ती मिटून समोर काठीसारखी उभी धरली.

आता गुरुजींचा स्वभाव शिक्षकाचा. एखादी गोष्ट करायची तर पद्धतशीर. आपण धावत जाऊन नेमकं कुठं थांबायचं हे कळावं म्हणून त्यांनी शाळेच्या मैदानावर आखतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. आपल्या जागी एक खुंटी ठोकली, अनिताबाईंच्या जागी दुसरी. मग बांधावर पिवळा ट्रायपॉड रोवला, कॅमेऱ्याला डोळा लावला, एक डोळा मिटला आणि हात हवेत हलवत ओरडायला सुरुवात केली, "डावीकडे! अजून डावीकडे! बास, तिथंच! काठी सरळ धर!"

हे सगळं लखमा बघत होता. लखमा त्यांचा शेतशेजारी. तो गुरं घेऊन ओढ्याकडे चालला होता. त्याने बांधावरचे तीन पिवळे पाय पाहिले, एक डोळा मिटलेला माणूस पाहिला, पलीकडे काठी धरून उभी असलेली बाई, पांढरी रेघ आणि खुंट्या पाहिल्या, आणि गुरं तिथंच सोडून तो गावात पळाला.

कुठला तरी मोठा रस्ता घाटाच्या अंगाने जाणार, अशी कुजबुज त्या पट्ट्यात कायम चालू असते. कुठला रस्ता, कोण नेणार, हे कुणालाच ठाऊक नसतं. तीन पायांची दुर्बीण घेऊन जमिनीचे मोजणीवाले येतील तेव्हा कळेल, एवढंच सगळ्यांना पक्कं ठाऊक. ते आज आले होते.

गुरुजी पहिल्यांदा धावले. रेघेपर्यंत पोचायच्या आत कॅमेऱ्याने फोटो काढला. दुसऱ्यांदा धावले तर खोडात पाय अडकला. तिसऱ्यांदा वळून बघतात तो बांधावर अर्धं गाव उभं, आणि पुढे धाकलूदादा. धाकलूदादा म्हणजे गुरुजींचे थोरले चुलतभाऊ आणि गावचे पोलीस पाटील. अनिताबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

"पंढरी," दादा शांतपणे म्हणाले, "तू सरकारला सामील झालास, आनी भावाला सांगितलास पन नाय?"

"काय सामील? दादा, फोटो काढतोय."

"कशाचा?"

"हिचा. म्हणजे आमचा. दोघांचा."

बांधावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लखमाने सगळ्यांच्या वतीने बोलून दाखवलं, "गुरुजी, खोटा बोलायचा तर जरा बरा तरी बोला. बायकोच्या फोटूसाठी कोन एवढा करल?"

आणि गुरुजींच्या लक्षात आलं की हे लोक रस्त्यावर विश्वास ठेवतील, सरकारवर ठेवतील, खाचरातून विमानतळ जाणार म्हटलं तरी ठेवतील. नवरा आपल्या बायकोशेजारी उभं राहायला उन्हातून धावतोय, यावर मात्र कुणीच ठेवणार नाही. त्यांना भयंकर अपमान वाटला. अनिताबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. पदराआड त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

धाकलूदादांनी चौकशी पुरी होईतो यंत्र ताब्यात घेतलं. कॅमेरा परत दिला, कारण तो लहान होता आणि त्यात काही दम असेल असं त्यांना वाटलं नाही. ट्रायपॉड मात्र त्यांच्या गोठ्यात, मोकाट सापडलेलं जनावर बांधावं तसा खांबाला दाव्याने बांधून ठेवला.

दोघं मुरबाडला परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. ज्यांना भरपाईसाठी रस्ता हवा होता त्यांनी खुंट्या उपटून आपल्या शेतात रोवल्या होत्या. ज्यांना नको होता त्यांनी त्या उपटून शेजाऱ्याच्या शेतात रोवल्या होत्या. दोन पुरेनात म्हणून लोकांनी नव्या खुंट्याही ठोकल्या होत्या. रस्ता आता ओढ्यातून दोनदा जाऊन मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत येत होता. झाडांची भरपाई वेगळी मिळते असं कुणीतरी सांगितल्यामुळे लखमाने भर उन्हाळ्यात आंब्याच्या फांद्या तोडून जमिनीत खोचून बाग केली होती. दोन भावांत मारामारी व्हायची वेळ आली होती. "तू तलाठ्याकडून लिहून आन का मोजनी नाय," दादा म्हणाले, "मंग यंत्र घेऊन जा."

तलाठी भला माणूस होता. त्याने गुरुजींना चहा दिला.

"मोजणी झाली असती तर अर्ज करा म्हटलं असतं, नक्कल मिळाली असती," तो म्हणाला. "झालीच नाही तर अर्ज कशाचा करणार?"

"झाली नाही, एवढंच लिहून द्या."

"गुरुजी, न झालेल्या गोष्टी लिहून द्यायला बसलो तर मला निवृत्तीपर्यंत जेवायला उठता येणार नाही."

"मग गावात येऊन तोंडी तरी सांगा."

"मी सांगितलं तर त्यांची खात्रीच पटेल. तलाठी नाही म्हणतो म्हणजे नक्की आहे." मग त्याने दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "पण मला तरी खरं सांगा. कुठून जाणार आहे रस्ता?"

गुरुजी घरी आले ते वेगळ्याच विचारात. आपण फोटो काढत होतो का मोजणी करत होतो, याची त्यांना स्वतःलाच आता खात्री वाटेना. इतकी माणसं एकाच बाजूने बोलतात म्हणजे काहीतरी असेलच, असं त्यांनी अनिताबाईंना बोलूनही दाखवलं.

"जाऊ दे तो ट्रायपॉड," त्या म्हणाल्या. "फोटोही जाऊ दे. उगाच मागितला मी." आणि आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर गुरुजींना सोसलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना लाज वाटत होती. आपण काहीतरी वयाला न शोभणारं मागून बसलो, अशी ती लाज होती.

पुढच्या रविवारी ते अनिताबाईंना जवळजवळ ओढतच गावी घेऊन गेले आणि थेट दादांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. "दादा, गाव बोलवा. त्या यंत्रातून फोटो निघतो की नाही ते सगळ्यांसमोर दाखवतो. मोजणी असेल तर मला कोंडवाड्यात घाला."

गाव आलं. बोलावलं नसतं तरी आलं असतं. दावं सोडून ट्रायपॉड पुन्हा बांधावर उभा राहिला. सगळ्यांनी ट्रायपॉडच्या मागे थांबायचं, पुढे एकानेही यायचं नाही, असं गुरुजींनी वर्गात बजावतात तसं बजावलं. लोक मुकाट्याने थांबले. अनिताबाई जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी घड्याळ लावलं, धावले आणि वेळेत पोचले. पण फोटोत गुरुजी इकडे आणि अनिताबाई तिकडे, डोक्यावर पदर, मान खाली. मधून बैलगाडी गेली असती. थोरल्या दिरासमोर, भरल्या गावासमोर नवऱ्याला खेटून कशी उभी राहणार बाई? पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"हा तर मोजनीसारखाच दिसतंय," दादा पडद्यावर बघून म्हणाले. "दोन टोकाला दोन खुंट्या."

तेव्हा सकुबाई गर्दीतून पुढे आल्या. "ती कशी उभी राहील रे? तुमी सगले डोले फाडून बघताव." त्यांनी काठी आपटली. "पाठ फिरवा सगल्यांनी!"

गाव गोंधळलं. मग एकेक करून वळू लागलं. बाप्ये वळले, बाया वळल्या, लखमाने आपल्या गुरांकडे पाहिलं आणि तोही वळला. धाकलूदादा तेवढे उभे. "मी पंच हाय आते. पंचानी पाठ फिरवून कसा चालंल?"

"फिरव मेल्या!"

दादा फिरले.

सगळं वैशाखरे घाटाकडे तोंड करून उभं होतं आणि खाचरात ती दोघंच होती. गुरुजींनी बटण दाबलं आणि धावले. अर्ध्या वाटेत एक चप्पल मागे राहिली. ती आणायला वळावं की पुढे जावं हे न ठरल्यामुळे त्यांनी एक गिरकी घेतली आणि एका पायाने अनवाणी, उड्या मारत, कसेबसे येऊन अनिताबाईंना धरून उभे राहिले. नसते धरले तर पडले असते.

पडद्यावर फोटो आला तेव्हा पुरावा म्हणून दादांनी तो आधी हातात घेतला. गुरुजींचं तोंड उघडं होतं आणि डोळे मिटलेले. अनिताबाई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्या गुरुजींकडे बघत होत्या, पदर खांद्यावर पडला होता, आणि त्या इतक्या मोकळ्या हसत होत्या की दादांनी पटकन नजर काढून घेतली.

"मोजनी नाय," त्यांनी निकाल दिला. "मोजनीत कोन असा हसत नाय. ह्यो फोटूच हाय."

मध्ये कुणी नव्हतं, कडेला कुणी नव्हतं. अनिताबाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "तुमचे डोळे मिटलेत." मग पुन्हा पाहिला.

एव्हाना लखमा बायकोला पुढे ढकलत आला होता. "गुरुजी, आमचा पन काढा. दोघांचाच." गावाने पाठ फिरवली. मग दुसरं जोडपं आलं, मग मारामारीवर आलेले ते दोन भाऊ, आपापल्या बायकांना घेऊन, एकामागोमाग एक नंबर लावून. प्रत्येक वेळी गाव न सांगता वळायचं आणि टिकटिक थांबली की पुन्हा तोंड फिरवायचं. पुढे गुरुजी आणि अनिताबाई व्हिएतनामला जाऊन आले, तिथला भात पाहिला, तो भातच होता. ट्रायपॉड काही गेला नाही. वैशाखऱ्यातून तो सुटलाच नाही.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी, लोक पांगायला लागल्यावर, धाकलूदादा पुढे झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बांधाच्या कडेला त्यांच्या पत्नी, हिरीवहिनी, ट्रायपॉडचं दावं गुंडाळत उभ्या होत्या.

"हिरे," दादा म्हणाले, "इकडं ये गो."

वहिनींनी दावं खाली टाकलं. गाव वळलं. गुरुजींनी दादांना जागा दाखवली, कॅमेऱ्यापाशी आले आणि वाकले.

"पंढरी, तू पन पाठ फिरव," दादा तिकडून म्हणाले.

"मग फोटो कोण काढणार?"

"बटन दाब आनी फिरव. तो आपला आपन काढतंय ना? मंग?"

गुरुजींनी बटण दाबलं आणि अनिताबाईंशेजारी घाटाकडे तोंड करून उभे राहिले. मागे टिकटिक चालू झाली. ज्यांचा आवाज गावाने फक्त ओरडतानाच ऐकला होता, ते धाकलूदादा अगदी हळू म्हणाले, "जवल ये ना जरा." कुणीही वळून पाहिलं नाही.